पिक्चर कैसी है?

‘पिक्चर कैसी है?’ मालेगावात लहानाचे मोठे होताना हा प्रश्न आम्ही जितक्या वेळा ऐकला, तितका क्वचितच दुसरा कोणता ऐकला असेल. शुक्रवारी आमच्या गावातले माग बंद असतात. आठवड्याचा हिशेब होऊन मजुरी हातात पडलेली असते, जुम्याची नमाज झालेली असते, अंगावर धुतलेले कपडे असतात. आमच्या लहानपणी अशा वेळी थेटराबाहेर जी गर्दी उभी राहत असे, तिचे डोळे पोस्टरवर नसत. आधीचा शो सुटून बाहेर येणाऱ्यांत कोणी ओळखीचा चेहरा दिसतो का, हे ती पाहत असे. चेहरा सापडला की हा प्रश्न. उत्तर दोन-तीन शब्दांचे. ‘जाव, देखो.’ किंवा ‘पैसा पानी में.’ त्या दोन शब्दांवर एका घराची आठवड्याची एकमेव करमणूक ठरत असे.

सिनेमाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. मराठी चित्रपटाचा इतिहास तर कोल्हापूरच्या इसाक मुजावरांनी जन्मभर लिहिला, ही आम्हा मराठी मुसलमानांना अभिमान वाटावा अशी गोष्ट. या लेखनातून १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थेटरात ‘आलम आरा’ लागला हे कळते. निर्माता अर्देशीर इराणी, नट मास्टर विठ्ठल, नटी झुबेदा हेही कळते. गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले हेसुद्धा कळते. या सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही, याची हळहळ सगळेच करतात. पण पहिल्या दिवशी तो पाहून बाहेर पडलेल्या माणसाने घरी जाऊन बायकोला किंवा शेजाऱ्याला काय सांगितले, तेही शिल्लक नाही. त्याची हळहळ कोणी करत नाही. सिनेमा कोणी काढला याचा इतिहास आहे. तो कोणी कोणाला सांगितला, याचा नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासाची साधने लिखित, भौतिक आणि मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तसेच्या तसे लिहून देतात. मौखिक साधन म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणालाच उमगलेले नसते. म्हणून एका वर्षी मुलांना घरी पाठवले. दादा-दादी, नाना-नानी यांना एवढेच विचारायचे की तुमच्या आवडीचा एखादा सिनेमा कोणता आणि तो पाहायला तुम्हाला कोणी सांगितले. दुसऱ्या दिवशी ज्या वह्या आल्या, त्यांत सिनेमांची नावे थोडी आणि माणसांचीच जास्त होती. मेहुणा, मागावरचा जोडीदार, मुंबईहून ईदला आलेली फुफी, न्हावी. ‘जाहिरात पाहून गेलो’ असे त्या वह्यांत आम्हाला कोठेच सापडले नाही. एका नानांनी नातवाला दटावले होते, ‘मास्तर को बोल, नमाज के बारे में पूछें.’ तेही मुलाने प्रामाणिकपणे लिहून आणले होते.

मुलांना अभ्यास दिला तो आपणही करावा, म्हणून आम्ही आमच्या दादीला विचारले. त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, ‘पाकीझा.’ कोणी सांगितले? ‘मदनपुऱ्याच्या फुफीने.’

इथे थोडे थांबावे लागेल. मुंबईचा मदनपुरा आणि आमचे मालेगाव यांचे नाते जुने आहे. उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळांत दक्षिणेकडे उतरले. कोणी मालेगावला थांबले, कोणी भिवंडीला, तर कोणी थेट मुंबईत. एकाच खानदानाच्या फांद्या अशा तीन-तीन गावांत पसरल्या आहेत. मुंबई सेंट्रलचे मराठा मंदिर मदनपुऱ्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. ५ ऑगस्ट १९६० रोजी ‘मुगल-ए-आझम’ तिथेच लागला आणि ४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकीझा’ही तिथेच. तालुक्याच्या गावाला प्रिंट येईपर्यंत बराच काळ लोटत असे. मधल्या काळात यायचे ते फक्त मत. ते लग्नात, मय्यतीत, ईदच्या सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकांबरोबर येत असे. आमच्या गावाने कित्येक सिनेमे आधी ऐकले आणि मग पाहिले.

‘पाकीझा’बद्दल पुस्तकांत एक हकिगत ठरून गेली आहे. कमाल अमरोहींचा हा सिनेमा जवळपास पंधरा वर्षे रखडला. लागला तेव्हा समीक्षकांनी फारसे कौतुक केले नाही. ३१ मार्च १९७२ रोजी मीनाकुमारी गेल्या आणि मग त्यांना अखेरचे पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. म्हणजे मृत्यूने सिनेमा तारला. ही हकिगत खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु दादींचे म्हणणे असे की फुफी आल्या त्या फेब्रुवारीअखेर, एका लग्नाला, आणि तेव्हा मीनाकुमारी हयात होत्या. फुफींनी कांड्या भरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात बसून सांगितले होते, ‘ओढनी दो ले के जाना. एक रोने को, एक ओढने को.’ त्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या बायका त्या सिनेमाची वाट पाहत होत्या. मृत्यूची बातमी नंतर आली.

एका म्हाताऱ्या बाईची आठवण हा पुरावा मानायचा का? आठवण पुढचे-मागचे करते, हे आम्हीच वर्गात शिकवतो. तरी एक शंका मनात राहतेच. ज्यांनी हकिगत लिहिली, त्यांनी तिकिटांचा हिशेब पाहिला, वृत्तपत्रे पाहिली. कांड्या भरणाऱ्या बायकांना विचारायला कोण गेले होते? मीनाकुमारींचे मूळ नाव महजबीन, हे त्या बायकांना माहीत होते. त्यांच्या लेखी ही मोठी नटी म्हणजे नाव बदलून कामाला गेलेली घरचीच मुलगी होती.

बरे, दादींना तो सिनेमा आवडला म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला असेही नाही. रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या नायिकेच्या पायांवर लुब्ध होऊन कोणी चिठ्ठी ठेवून जातो, हा प्रसंग सगळ्या हिंदुस्थानला आवडला. दादी अजूनही त्यावर नाक मुरडतात. दिवसभर उभे राहून सुजलेले आमचे पाय कोणी पाहिले, असे त्या विचारतात. नायिकेच्या घराऱ्याला कापड किती लागले असेल, याचा त्यांनी थेटरातच अंदाज बांधला होता आणि घरी येऊन तो दादांकडून तपासूनही घेतला होता. विणकराच्या घरातली बाई सिनेमा पाहते तेव्हा तिचा एक डोळा पोतावर असतो.

ज्याला ‘मुस्लिम सोशल’ म्हणत, त्या सिनेमांविषयी आमच्या माणसांची मुख्य तक्रार हीच होती. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘मेरे हुजूर’ (१९६८) यांत हवेली होती, चिलमन होती, मुशायरा होता, सलाम करण्याचे पंचवीस प्रकार होते. माग नव्हता. लुंगी लावून बारा तास कारखान्यात उभा राहणारा माणूस पडद्यावरच्या नवाबाला पाहून ‘अपनी पिक्चर है’ असे म्हणत असे आणि शो सुटल्यावर हॉटेलवर बसून त्याच नवाबाची नक्कल करून जोडीदारांना हसवत असे. त्याला हवेली हवीही होती आणि तिच्यावर हसायचेही होते. ही समीक्षा नाही तर काय आहे?

हॉटेलचा उल्लेख आला, तर त्याविषयी सांगायलाच हवे. मागाच्या खटखटाटात बोलणे अशक्य. कारखान्यात माणसे हातांनी आणि ओठांच्या हालचालींनी कामापुरते बोलतात. गप्पा मारायच्या त्या चहाच्या हॉटेलवरच. त्यामुळे दिवसभराचे साठलेले बोलणे तिथे एकदम बाहेर पडते. सिनेमाच्या चर्चेचे तिथे काही अलिखित कायदे होते. सांगणाऱ्याने शेवट फोडायचा नाही. दुसऱ्याचे तिकिटाचे पैसे आपल्या सांगण्याने वाया गेले, तर त्याला चहा पाजायचा. तीनदा चुकीचा सल्ला देणाऱ्याला पुढे कोणी विचारत नसे. आमच्या मामूंवर ही पाळी आली होती. एका हिरोच्या प्रेमात पडून त्यांनी लागोपाठ तीन टुकार सिनेमे सगळ्या हॉटेलला पाहायला लावले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी ‘अच्छी है’ म्हटले की लोक दुसऱ्या थेटराकडे वळत.

१९४७ साली कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदी मंडळींनी फिल्म सोसायटी काढली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. सिनेमा पाहायचा, मग बसून त्यावर बोलायचे, एकमेकांना नवे सिनेमे सुचवायचे, अशी ही चळवळ. तिने या देशाला जाणता प्रेक्षक दिला, हे नाकारून चालणार नाही. पण तिथली चर्चा छापली गेली, आमच्या हॉटेलवरची छापली गेली नाही, एवढ्यावरून तिथे रसिक होते आणि इथे नुसती ‘पब्लिक’ होती, असे मानले जाते. तो मात्र अन्याय आहे.

आमच्यासाठी छापील जागा होती ती ‘शमा’ या उर्दू मासिकाची. १९३९ साली युसूफ देहलवींनी दिल्लीहून ते सुरू केले आणि १९९९ साली ते बंद पडले. त्यात सिनेमा होता, शायरी होती, कथा होत्या आणि बक्षिसाचा मुअम्मा होता. खरे सांगायचे तर आमच्या गल्लीत निम्मे लोक ते मुअम्म्यासाठीच घेत. घरात सिनेमाचे नाव काढायची चोरी असली, तरी ‘शमा’ला अदबीचा बुरखा होता. मुली ते शिवणकामाच्या टोपलीत ठेवत. ज्या वडीलधाऱ्यांनी थेटराची पायरी कधी चढली नाही, त्यांनाही ‘शमा’तून सगळे सिनेमे ठाऊक असत आणि त्यांची मतेही ठाम असत.

ही घरातली चोरी हलकी समजू नये. सिनेमाला विरोध करणारे सगळेच अडाणी किंवा कर्मठ होते असेही नाही. आठवड्याच्या मजुरीतून तिकिटाचे पैसे गेले की घरात काय कमी पडते, हे ज्या बाईला ठाऊक होते तिचा विरोध आम्हाला कळतो. म्हणूनच सिनेमा सुचवणे ही जबाबदारीची गोष्ट होती. मार खाऊन, खोटे बोलून, पैसे साठवून पाहिलेला सिनेमा टुकार निघाला तर त्याचे दुःख निराळे असते.

एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’ आमच्या घरात असाच एका शिफारशीने आला. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांची पटकथा, बलराज साहनींची अखेरची मोठी भूमिका. दंगे होतील या भीतीने सेन्सॉरने तो अडकवून ठेवला होता, साहनी तर एप्रिल १९७३ मध्येच वारले. अब्बांच्या एका उस्तादांनी तो पाहिला आणि गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत सुटले की दुसरे काही पाहू नका, हा पाहा. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेला जोडे बनवणारा मुसलमान, त्याचे कर्ज, त्याचे सुटणारे घर. हवेली होती, पण ती हातातून जाणारी होती. कारागीर होता, कारखाना होता. आमची माणसे इतकी वर्षे जे मागत होती, तेच पडद्यावर आले होते.

दादा गेले आणि मध्यंतरानंतर उठून आले. ‘घर का रोना पैसे दे के क्यूं देखना?’ हॉटेलवर उस्तादांना चहाचा दंड झाला. ते म्हणे चहा पाजतानाही तोच सिनेमा समजावून सांगत होते. अब्बा तेव्हा बारा वर्षांचे होते. उस्ताद आता हयात नाहीत. काही वर्षांपूर्वी अब्बांनी तो सिनेमा आमच्या मोबाइलवर सलग पाहिला. बलराज साहनी भाड्याने खोली शोधत फिरतात आणि नाव ऐकून घरमालक बदलतात, तिथे त्यांनी मोबाइल थांबवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या धाकट्या चुलत्यांनी पुण्यात खोली शोधताना काय पाहिले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. शेवटी अब्बांनी निर्णय दिला, ‘पिक्चर अच्छी है, मगर जुमे की नहीं है.’ आम्हाला वाटते, दादा उठून का आले याचे इतके नेमके उत्तर एखाद्या समीक्षकालाही देता आले नसते.

बायकांच्या बाजूने असा वाद झाला तो ‘निकाह’वरून, १९८२ साली. बी. आर. चोप्रांनी आधी या सिनेमाचे नाव ‘तलाक तलाक तलाक’ ठेवले होते, पण नवऱ्याने बायकोला सिनेमाचे नाव सांगितले तर घरोघरी काय होईल, असे कोणीतरी ध्यानात आणून दिल्याने ते बदलले, असा किस्सा सांगितला जातो. एक सिनेमा एका माणसाने दुसऱ्याला सांगायचा असतो, हे निर्मात्यालाही विसरून चालत नाही ते असे. आमच्या अम्मी तेव्हा शाळकरी मुलगी. नानींनी या सिनेमाचे नाव काढायचे नाही अशी ताकीद दिली आणि त्या ताकिदीनेच तो गल्लीभर झाला. लेडीज क्लासमध्ये शेजारणी एकमेकींना ओळख न देता बसल्या होत्या, असे अम्मी सांगतात. सलमा आगाची निलोफर अखेरीस दोन्ही पुरुषांना जाब विचारते, तेव्हा अंधारात कोणी तरी मोठ्याने ‘शाबाश’ म्हणाले. आवाज नानींचा होता. या गोष्टीवर घरात पुढे कधी चर्चा झाली नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच बैठकीतला तिहेरी तलाक अवैध ठरवला. त्या रात्री टीव्हीवर मोठमोठे लोक भांडत होते. अम्मींनी आवाज बंद केला आणि आम्हाला पहिल्यांदा ती ‘शाबाश’ची गोष्ट सांगितली.

‘शोले’चे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला, व्यापारी पत्रांनी आपटला म्हणून जाहीर केले आणि लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालवला. आमच्या गावाने मात्र ‘शोले’वरचे आपले मत जरा निराळ्या रीतीने नोंदवले. नासिर शेख यांचे इथे व्हिडिओ पार्लर होते. गावाला जे ठाऊक नव्हते, ते चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन ते दाखवत. लोकांना कंटाळवाणे वाटेल ते दोन व्हीसीआर जोडून कापून टाकत. म्हणजे तोही एक प्रकारचा सल्लागारच. २००० साली त्यांनी आणि गावच्या मित्रांनी मिळून ‘मालेगाव के शोले’ काढला. घोडे परवडेनात म्हणून डाकू सायकलींवर आले. फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा कारखान्यात माग चालवणारा आमच्या गावचा पोरगा. २०११ साली कर्करोगाने तो गेला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये थेटरात आला. २००१ ची दंगल, २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट यांशिवाय ज्यांना आमचे गाव ठाऊक नव्हते, त्यांनी या निमित्ताने ‘तुमचे गाव तर मजेदार आहे’ असे फोन केले. दोन्ही वेळा काय बोलावे ते आम्हाला सुचत नाही.

‘मालेगाव के शोले’ आम्ही दहाव्या वर्षी पाहिला. मूळ ‘शोले’ त्यानंतर दोन वर्षांनी. त्यामुळे अमजद खान सायकलवर का येत नाही, असे आम्हाला खरोखरच वाटले होते. हे सांगितले की शहाणी माणसे हसतात.

आता आमचे विद्यार्थी सिनेमा लागायच्या आदल्या रात्रीच त्याला तारे देऊन मोकळे होतात. २०२३ च्या दिवाळीत सलमान खानचा ‘टायगर ३’ लागला, तेव्हा आमच्या गावात पोरांनी थेटराच्या आत फटाके फोडले. जीव वाचले हे नशीब. सिनेमा कसा होता, असे दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर फटाके किती फुटले ते सांगण्यात सगळे गर्क.

असो. ‘पाकीझा’ची गोष्ट अर्धी राहिली आहे. दादींना मदनपुऱ्याच्या फुफींनी सांगितले, पण फुफींना कोणी सांगितले? गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका लग्नानिमित्त आम्ही मदनपुऱ्यात गेलो. फुफी जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्यांची मुलगी भेटली. तिच्याकडे विषय काढला, तर ती पदर तोंडाला लावून हसू लागली. तिच्या अब्बांनी तिच्या अम्मीला सिनेमाला कधी पाठवलेच नव्हते. मराठा मंदिर इतके जवळ, पण फुफींनी आत कधी पाऊल ठेवले नाही. खालच्या मजल्यावरची शेजारीण पाहून आली आणि दोन दुपारी तांदूळ निवडता निवडता तिने अख्खा सिनेमा गाण्यांसकट सांगितला. तोच फुफी मालेगावला घेऊन आल्या. ती शेजारीण कोण, तिचे नाव काय, हे आता कोणाला सांगता येत नाही.

परत आल्यावर आम्ही जरा भीत भीतच दादींना हे सांगितले. पन्नास वर्षांहून जास्त काळ त्या फुफींच्या शब्दाचा हवाला देत आल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

‘फिर भी,’ त्या म्हणाल्या, ‘ओढनी तो दोनों भीगी थीं.’